मूतखडा पुन्हा होईल काय? : अश्मरीच्या पुनरुद्भवाचा पूर्वअंदाज

मूतखडा पडून गेला, अथवा शस्त्रकर्माने काढून टाकला, की रुग्ण वैद्यांना हमखास एकच प्रश्न विचारतो, “हा पुन्हा होईल काय?” या प्रश्नाची दोन ठरावीक उत्तरे आपल्या व्यवसायात प्रचलित आहेत. पहिले, “औषध पूर्ण घेतलेत, आता काळजी नाही.” दुसरे, “ही प्रवृत्तीच आहे, होतच राहणार.” पहिल्या उत्तराने रुग्ण निष्काळजी होतो, दुसऱ्याने हताश होतो आणि दोन्हींचा परिणाम एकच : तो पथ्य सोडतो व तपासणीस येत नाही. वास्तविक या प्रश्नाला तिसरे उत्तर आहे. ते रुग्णागणिक निराळे असते आणि काही ठरावीक बाबी विचारून, पाहून व नोंदवून ते बऱ्याच अंशी आधी सांगता येते. प्रस्तुत लेखात त्याच उत्तराची मांडणी करण्याचा आमचा हेतू आहे. नांदगाव, कणकवली, देवगड, मालवण या पट्ट्यात व्यवसाय करणारे वैद्य आणि औषधविक्रेते बंधू-भगिनी यांच्या नित्य उपयोगाच्या दृष्टीने आम्ही हा विषय घेतला आहे.

संहितांचा दृष्टिकोन

अश्मरीची गणना सुश्रुतांनी अष्टमहागदांत केली आहे. निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तिची हेतुमीमांसा करताना त्यांनी ज्या दोन व्यक्तींकडे बोट दाखविले, त्या म्हणजे शोधन न करणारा आणि अपथ्य करणारा. या दोन्ही गोष्टी एका दिवसाच्या नसून सवयीच्या आहेत, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे त्यांनी दिलेला दृष्टांत तर पुनरुद्भवाच्या विचाराचा पायाच ठरावा. नव्या घटात स्वच्छ पाणी भरून ठेवले तरी कालांतराने तळाशी गाळ साचतो, तद्वत बस्तीत अश्मरी उत्पन्न होते, असे ते म्हणतात. घट रिकामा करून धुतला म्हणजे गाळ गेला खरा. परंतु तेच पाणी त्याच रीतीने भरून ठेवल्यास गाळ पुन्हा साचणारच. खडा काढणे म्हणजे घट धुणे होय. पाणी आणि ते भरण्याची रीत बदलणे हे वेगळे काम आहे.

चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात अश्मरी तरुण असता औषधसाध्य व वाढलेली असता छेदनसाध्य, असा भेद केला असून पूर्वरूपातच स्नेहादिक्रम योजावा, असे सांगितले आहे. पूर्वरूपांत बस्तिपीडा, अरुची, मूत्रकृच्छ्र, ज्वर, मूत्रास बोकडासारखा गंध इत्यादी लक्षणे येतात. ज्यास एकदा अश्मरी होऊन गेली आहे, त्याच्या बाबतीत ही लक्षणे दुसऱ्या अश्मरीची सूचना म्हणून वाचावीत, हे ओघानेच आले.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आम्हांस आवश्यक वाटते. सुश्रुतांचे वर्णन व शस्त्रकर्म मुख्यत्वे बस्तीतील अश्मरीचे आहे. आज आपल्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण वृक्कातील अथवा गवीनीतील खड्यांचे असतात. म्हणून संहितोक्त तत्त्व घ्यावे, परंतु आजच्या रुग्णाचा अंदाज आजच्या साधनांनी बांधावा, हेच उचित होय.

आकडे काय सांगतात

मूतखडा एकदा झालेल्यांपैकी निम्म्यांना पाच ते दहा वर्षांत पुन्हा होतो, असे विधान अनेक पुस्तकांत आढळते. हा आकडा प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांवरून रूढ झाला आहे. तेथे मुळातच त्रास अधिक असलेले रुग्ण पोहोचतात, त्यामुळे प्रमाण फुगलेले दिसते. संपूर्ण लोकवस्तीचा विचार केला तर चित्र थोडे सौम्य होते.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी मिनेसोटा राज्यातील ओल्मस्टेड परगण्यात १९८४ ते २००३ या काळात प्रथमच लक्षणयुक्त मूतखडा झालेल्या २,२३९ व्यक्तींचा पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. त्यांत पुन्हा लक्षणयुक्त खडा होण्याचे प्रमाण २ वर्षांत ११ टक्के, ५ वर्षांत २० टक्के, १० वर्षांत ३१ टक्के व १५ वर्षांत ३९ टक्के असे आढळले. म्हणजे पहिल्या खड्यानंतर पंधरा वर्षे लोटली तरी शंभरांतील साठ जणांना पुन्हा त्या वेदनेने वैद्याकडे जावे लागले नाही. “होतच राहणार” हे उत्तर येथे खोटे ठरते. परंतु शंभरांतील अकरा जणांना दोन वर्षांच्या आतच पुन्हा खडा झाला. “आता काळजी नाही” हे उत्तरही तितकेच खोटे ठरते. शिवाय या गणनेत केवळ वेदना होऊन उपचारास आलेले खडे धरले आहेत; मुकाट्याने वाढणारे खडे त्यात नाहीत.

याच अभ्यासावरून ‘रोक्स’ नावाचे अंदाजसाधन तयार झाले. रुग्णाची माहिती भरली असता पुनरुद्भवाची संभाव्यता टक्केवारीत सांगणारी ती गुणपद्धती आहे. तिच्यात अकरा बाबी विचारात घेतल्या आहेत. कमी वय, पुरुष असणे, गौरवर्ण, कुटुंबात खड्याचा इतिहास, पूर्वी तपासणीत योगायोगाने सापडलेला खडा, पूर्वी खड्यासारखी येऊन गेलेली वेदना, मूत्रातून डोळ्यांना दिसेल इतके रक्त जाणे, वेदना देणाऱ्या खड्याव्यतिरिक्त आणखी एखादा मूक खडा असणे, त्रास देणारा खडा वृक्काच्या द्रोणीत अथवा खालच्या भागात असणे आणि खडा युरिक आम्लाचा असणे, या दहांनी संभाव्यता वाढते. अकरावी बाब उलट दिशेची आहे : गवीनी बस्तीत उघडते त्या तोंडाशी खडा सापडला असल्यास संभाव्यता तुलनेने कमी होते.

२०१९ साली याच पद्धतीची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात दुसऱ्या, तिसऱ्या व पुढील खड्यांचाही विचार आहे. पहिल्या खड्यानंतर दर वर्षी शंभरांत सरासरी ३.४ जणांना, दुसऱ्यानंतर ७.१, तिसऱ्यानंतर १२.१ आणि चौथ्यानंतर वा पुढे १७.६ जणांना पुन्हा खडा झाला, असे त्यात दिसून आले. हा चढता क्रम प्रत्येक वैद्याने मनात कोरून ठेवावा. प्रत्येक खडा पुढील खड्याची शक्यता वाढवून जातो. “यापूर्वी किती वेळा?” हा एकच प्रश्न दुसऱ्या कोणत्याही एका प्रश्नापेक्षा अधिक सांगून जातो.

या साधनाचा उपयोग किती व कसा

हे साधन एका विशिष्ट परदेशी लोकवस्तीवर बेतलेले आहे. त्यातील एक बाब वर्णाची आहे, ती आपल्या रुग्णांस लागू करता येत नाही. मूत्राची रासायनिक तपासणी त्यात नाही, आहार नाही, हवामान नाही. त्याची अंदाजशक्ती मध्यम आहे. म्हणून “तुम्हांला पुढील पाच वर्षांत अमुक टक्के संभव” असे अचूक आकड्यात सांगण्यासाठी ते आपण वापरू नये. आपल्या रुग्णांची कमी, मध्यम व अधिक जोखमीच्या गटांत विभागणी करण्यासाठी त्यातील बाबी उपयोगी आहेत आणि व्यवहारात आपणांस हवी असते ती हीच विभागणी.

या विभागणीत आणखी काही बाबी आपण स्वतः मिळविल्या पाहिजेत. वातरक्त, मधुमेह व स्थौल्य यांत मूत्र आम्ल राहते व युरिक आम्लाचे खडे होण्याकडे कल असतो. दीर्घकाळ अतिसार, आतड्याचा भाग काढलेला असणे अथवा वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेली असणे, यांमुळे ऑक्झलेटचे शोषण वाढते. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील असल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते व काहीही पथ्य केले तरी खडे होत राहतात. वारंवार मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांत संसर्गजन्य खडे वेगाने वाढतात. लहान मुलास खडा झाल्यास आनुवंशिक विकाराचा संशय घेतलाच पाहिजे. खडे फोडण्याच्या उपचारानंतर राहिलेले तुकडे तर नव्या खड्याचे बीजच होत.

खडा जपून ठेवा

पूर्वअंदाजाचे सर्वांत मोलाचे साधन रुग्णाच्या हातात येते आणि बहुधा शौचकूपात वाहून जाते. ते म्हणजे पडलेला खडा होय. गवीनीत खडा असलेल्या प्रत्येक रुग्णास स्वच्छ पातळ फडक्यातून अथवा बारीक गाळणीतून मूत्र गाळण्यास सांगावे. मिळालेला खडा वाळवून लहान डबीत ठेवावा व त्याचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे. औषधविक्रेत्यांनी मूतखड्याचे औषध देताना सोबत एक डबी व दोन ओळींची सूचना दिली, तर या एका गोष्टीने पुढील सर्व चिकित्सेची दिशा ठरेल.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर भारतातील १,०५० खड्यांचे पृथक्करण केले होते. त्यांपैकी ९३ टक्के खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे निघाले. युरिक आम्लाचे खडे एक टक्क्याहूनही कमी होते. कोकण हा निराळा प्रदेश आहे. त्यामुळे ते प्रमाण जसेच्या तसे येथे धरू नये. परंतु कॅल्शियम ऑक्झलेट प्रथम आणि इतर सर्व नंतर, हा क्रम मनात ठेवण्यास हरकत नाही.

सुश्रुतांनी वातज अश्मरी श्याव, कठीण, खरखरीत, विषम व कदंबपुष्पाप्रमाणे कंटकयुक्त सांगितली आहे. पित्तज रक्तपीत, काळसर अथवा मधुवर्णी, तर कफज श्वेत, स्निग्ध व मोठी वर्णिली आहे. यांची तुलना अनुक्रमे ऑक्झलेट, युरिक आम्ल व फॉस्फेट यांच्या खड्यांशी करण्याचा प्रघात आहे. तुलना विचारास चालना देणारी आहे, परंतु ती पृथक्करणास पर्याय नव्हे.

मूत्राची आम्लता आणि क्षारांचा विवेक

प्रकार ओळखण्याचे दुसरे स्वस्त साधन म्हणजे पीएच मोजण्याची पट्टी. सकाळच्या मूत्राचा पीएच वारंवार ५.५ पेक्षा कमी येत असेल, तर युरिक आम्लाचा विचार करावा. असे खडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. पीएच सातत्याने ७ च्या वर असेल, तर जंतुसंसर्ग अथवा फॉस्फेटचा विचार करावा.

यवक्षार, श्वेतपर्पटी आदी क्षारकल्प आपल्याकडे ‘मूतखड्याचे औषध’ म्हणून सरसकट दिले जातात. या प्रथेवर येथे प्रकाश पडतो. युरिक आम्लाच्या खड्यात मूत्राची आम्लता कमी करणे ही युक्त चिकित्साच आहे. योग्य पीएच राखल्यास असा खडा विरघळूही शकतो. परंतु ज्याचे मूत्र आधीच क्षारीय आहे, त्याला आणखी क्षार दिल्याने फॉस्फेटचे खडे होण्यास मदतच होईल. शिवाय श्वेतपर्पटीचा प्रमुख घटक सोरा असून त्यात पोटॅशियम असते. वृक्काचे कार्य मंदावलेल्या रुग्णात पोटॅशियम साठून हृदयास धोका संभवतो. म्हणून रक्तातील क्रिएटिनिन पाहिल्याखेरीज क्षारकल्प दीर्घकाळ देऊ नयेत व औषधविक्रेत्यांनी ते चिठ्ठीविना महिनोन्महिने देत राहू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

पाणी : मोजून पाहण्याची गोष्ट

इटलीतील पार्मा येथे बोर्गी व सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा व बोधप्रद आहे. प्रथमच कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. एका गटास दिवसाचे मूत्र २ लिटर वा अधिक होईल इतके पाणी पिण्यास सांगितले, दुसऱ्यास विशेष काही सांगितले नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्या ९९ पैकी १२ जणांना व दुसऱ्या गटातील १०० पैकी २७ जणांना पुन्हा खडा झाला. औषधाविना संभाव्यता निम्म्याहून खाली आली.

येथे मोजमाप पिण्याच्या पाण्याचे नसून मूत्राचे आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. चैत्र-वैशाखात आंब्याच्या बागेत काम करणारा, चिरेखाणीवर राबणारा अथवा दिवसभर होडीवर असणारा माणूस तीन लिटर पाणी पिऊनही लिटरभरच मूत्र विसर्जित करीत असेल, कारण उरलेले घामावाटे जाते. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याची तऱ्हा निराळी असते. मुंबईत लोकलचा प्रवास व शौचालयाची गैरसोय यांमुळे तो पाणी पिण्याचेच टाळतो. वेगावरोध हा हेतू येथे आधुनिक रूपात उभा राहतो. म्हणून “भरपूर पाणी प्या” असे मोघम न सांगता सुट्टीच्या एका दिवशी चोवीस तासांचे मूत्र मोजमापाच्या भांड्यात जमा करून मोजण्यास सांगावे. आकडा २ लिटरच्या खाली आला, तर पाणी किती वाढवायचे हे रुग्णास आपोआप उमगते. रात्री झोपण्यापूर्वीही पाणी घ्यावे, कारण मूत्र सर्वांत गाढ होते ते रात्री. हृद्रोग, शोथ अथवा वृक्काची दुर्बलता असलेल्यांस मात्र हा उपदेश करू नये.

आपल्या ताटातील पदार्थ

आहाराविषयी प्रचलित समजुतींची छाननी आवश्यक आहे. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो, ही समजूत सर्वत्र आढळते. तीस आधार नाही. “खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध बंद” हा सल्लाही घातक आहे. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून मलावाटे बाहेर नेते. ते कमी केल्यास ऑक्झलेट अधिक शोषले जाते. बोर्गी यांच्याच २००२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी कमी कॅल्शियमचा आहार घेणाऱ्या ६० जणांत २३ जणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला. पुरेसे कॅल्शियम, परंतु मीठ व मांसाहार कमी, असा आहार घेणाऱ्या ६० जणांत केवळ १२ जणांना झाला. तेव्हा ताक-दूध चालू ठेवावे व नियंत्रण मिठावर आणावे. मीठ वाढले की मूत्रातून कॅल्शियमचे उत्सर्जन वाढते.

आपल्या भागात मिठाचा मार्ग कोणता, हे आपणच ओळखले पाहिजे. सुका बांगडा, सुकट, खारवलेली मासळी, लोणचे, पापड आणि कोकमाचे आगळ हे ते मार्ग होत. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली हे आम्ल कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची वाढ रोखते व काही परिस्थितीत त्यांना विरघळवतेही, असे प्रयोगशाळेत दाखविले. ही आपल्या वृक्षाम्लाविषयी कुतूहल वाढविणारी वार्ता आहे. परंतु स्फटिकावरील प्रयोग म्हणजे रुग्णावरील चिकित्सा नव्हे. याच आम्लाच्या तीव्र अर्कयुक्त गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली आहेत. सोलकढी घ्यावी, मात्र खारट आगळाऐवजी आमसूल भिजवून केलेली व मीठ न घातलेली घ्यावी, इतकाच उपदेश आज युक्त होय. लिंबाच्या रसातील सायट्रेट उपयुक्त असते, तोही मीठ व साखर न घालता घ्यावा.

ऑक्झलेटचे आपल्याकडील प्रमुख स्रोत म्हणजे अळू, पालक, काजू, करमळ आणि बिंबल. ज्याचा खडा ऑक्झलेटचा ठरला आहे, त्याने मूठ-मूठ काजू नित्य खाऊ नयेत. अळू ताक वा दह्याच्या सोबतीने व क्वचित घ्यावे. बिंबलाविषयी मात्र कडक इशारा देणे भाग आहे. कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या समजुतीने बिंबलाचा कच्चा रस पिऊन वृक्क अकस्मात निकामी झालेल्या दहा रुग्णांची नोंद केरळातील डॉक्टरांनी २०१३ साली प्रसिद्ध केली आहे. आमटीतील दोन फोडी व पेलाभर रस यांत हा भेद आहे. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ऑक्झलेट वाढते. औषधविक्रेत्यांनी याची जाणीव ठेवावी.

औषधांविषयी काय म्हणता येईल

वायवर्णा, गोक्षुर, पाषाणभेद, पुनर्नवा, तृणपंचमूळ, वीरतर्वादी गण, गोक्षुरादी गुग्गुळ, चंद्रप्रभा ही आपली परिचित सामग्री. कुळथास सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात अश्मरीनाशक म्हटले आहे आणि कुळथाची पिठी तर आपल्या घरोघरी होते. ही द्रव्ये मूत्रल, वेदनाहर व अनुलोमक म्हणून योजण्यास आम्ही अनुकूल आहोत. तथापि कॅल्शियम ऑक्झलेटचा तयार खडा पोटातून घेतलेल्या औषधाने विरघळतो अथवा अमुक काढ्याने तो पुन्हा कधीच होत नाही, असे रुग्णास सांगण्यास पुरेसे प्रमाण नाही. पाषाणभेद या नावाने बाजारात निरनिराळ्या वनस्पती मिळतात. पानफुटीलाही अनेक ठिकाणी तेच नाव आहे. तेव्हा आपण नेमके काय दिले याची खात्री दुकानातच झाली पाहिजे.

केवळ आपल्याच औषधांची ही स्थिती आहे असे नव्हे. हायड्रोक्लोरोथायझाइड हे औषध दुसरा खडा टाळण्यासाठी ॲलोपॅथीत अनेक दशके दिले जात होते. स्वित्झर्लंडमध्ये ४१६ रुग्णांवर कसोशीने घेतलेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात त्याच्या तीनही मात्रा व निष्क्रिय गोळी यांत पुनरुद्भवाच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. परंपरेने चालत आलेले औषधही मोजून पाहावे लागते, हा यातील बोध दोन्ही शास्त्रांना सारखाच लागू आहे. आणि मोजण्यासाठी नोंदी लागतात.

वेदना थांबली म्हणजे रोग गेला काय

आता आम्ही या लेखाच्या मर्मस्थानी येतो. पुनरुद्भवाचा अंदाज बांधावयाचा तो केवळ पुढील वेदना टाळण्यासाठी नव्हे. गवीनीत अडकलेल्या खड्याची वेदना काही दिवसांत आपोआप कमी होऊ शकते. खडा मात्र तेथेच असतो. रुग्ण समजतो की औषध लागू पडले, वैद्य समजतो की खडा पडला, आणि अवरोधामुळे वृक्क काही आठवड्यांत कायमचे क्षीण होऊ लागते. दुसरे वृक्क काम करीत असल्याने मूत्राचे प्रमाण कमी होत नाही, सूज येत नाही, कसलीच तक्रार नसते. पुढे केव्हातरी दुसऱ्या बाजूस खडा होतो आणि तेव्हा एकाच दुर्बल वृक्कावर देह चालला आहे, हे कळते. हे टाळण्यास उपाय एकच : वेदना थांबल्यानंतर खडा प्रत्यक्ष हाती आला नसेल, तर दोन ते चार आठवड्यांत सोनोग्राफी पुन्हा केलीच पाहिजे. सोनोग्राफीत गवीनीतील खडा नेहमी दिसतोच असे नाही. परंतु वृक्क फुगले आहे काय, हे ती सांगते. शंका राहिल्यास सीटी स्कॅन करावे.

ज्वर व थंडी वाजणे, मूत्र बंद होणे, एकच वृक्क असणे, गर्भिणी अवस्था, न थांबणारी वांती, क्रिएटिनिन वाढलेले असणे, यांपैकी काहीही असल्यास औषधयोजनेत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. अवरोधासह ज्वर ही तासांची बाब आहे, दिवसांची नव्हे.

विभागणी व पाठपुरावा

वरील विवेचन व्यवहारात कसे उतरवावे, हे स्पष्ट होण्यासाठी तीन काल्पनिक रुग्ण घेऊ. पहिली, ५८ वर्षांची गृहिणी. पहिलाच खडा, गवीनीच्या तोंडाशी सापडला व पडून गेला, इतरत्र खडा नाही, कुटुंबात कोणास नाही. दुसरा, २७ वर्षांचा चिरेखाणीवरील कामगार. दुसरी वेळ, वडिलांना खड्याचा त्रास, वृक्काच्या खालच्या भागात ४ मिलिमीटरचा मूक खडा, पीएच ५. तिसरी, पहिलीसारखीच, परंतु तिचे एक वृक्क पूर्वी काढलेले आहे.

पहिलीस पाणी, मीठ व आहाराचा उपदेश, एकदा क्रिएटिनिन व वर्षाने सोनोग्राफी पुरेशी आहे. दुसऱ्यास रक्तातील कॅल्शियम, युरिक आम्ल, क्रिएटिनिन, चोवीस तासांचे मूत्रमापन, खड्याचे पृथक्करण व दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी. तिसरीत पुनरुद्भवाची संभाव्यता पहिलीइतकीच कमी आहे, तरीही तिचा पाठपुरावा दुसऱ्याइतका दक्षतेने केला पाहिजे. कारण तिच्या बाबतीत एकच खडा जिवावर बेतू शकतो. संभाव्यता किती आणि घडल्यास हानी किती, असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून मगच निर्णय घ्यावा, हे या उदाहरणातून ध्यानात येईल.

प्रत्येक रुग्णाच्या कागदावर पुढील दहा नोंदी असाव्यात, असे आम्ही सुचवितो : (१) वय व लिंग, (२) हा कितवा खडा, (३) पूर्वीच्या खड्यांची वर्षे, (४) कुटुंबातील इतिहास, (५) खड्याची बाजू, स्थान व मिलिमीटरमध्ये आकार, (६) अन्य मूक खडे अथवा राहिलेले तुकडे, (७) खडा पडला काय व पृथक्करणाचा निष्कर्ष, (८) मूत्राचा पीएच व चोवीस तासांचे प्रमाण, (९) क्रिएटिनिन, कॅल्शियम, युरिक आम्ल, (१०) पुढील तपासणीचा दिनांक.

औषधविक्रेत्यांच्या हाती याहून सोपे साधन आहे. मूतखड्याचे औषध वर्षात दुसऱ्यांदा मागणारा ग्राहक हा पुनरुद्भवाचा जिवंत पुरावाच असतो. तो वैद्याकडे येण्याआधी आपल्या काउंटरवर येतो. “शेवटची सोनोग्राफी केव्हा केली?” हा एक प्रश्न विचारून औषध द्यावे आणि सहा महिन्यांत केलेली नसल्यास त्यास आधी तपासणीस धाडावे. एका बाटलीची विक्री लांबेल, परंतु त्यामुळे एखाद्याचे वृक्क वाचू शकेल.

उपसंहार

अश्मरीचा पुनरुद्भव हा दैवाचा खेळ नाही आणि तो औषधाच्या एका आवर्तनाने मिटणाराही नाही. किती खडे झाले, कोणत्या प्रकारचे, मागे काय उरले आहे, मूत्र किती व कसे होते, या चार गोष्टी कळल्या की पुढील पाच वर्षांचे चित्र बहुतांशी डोळ्यांसमोर येते. त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे गाळणी, डबी, पीएचची पट्टी, मोजमापाचे भांडे व नोंदवही, नांदगावसारख्या गावातील लहान दवाखान्यातही सहज उपलब्ध होऊ शकतात. व्यवसायबंधूंनी येत्या वैशाखापूर्वी, म्हणजे घामाचे व खड्याचे दिवस सुरू होण्यापूर्वी, आपल्या जुन्या अश्मरी-रुग्णांची यादी काढून त्यांना एकदा बोलावून घ्यावे. वेदना नसलेल्या रुग्णास बोलावणे थोडे अवघड जाते खरे. परंतु ज्या रुग्णास वेदना नाही, त्याचेच वृक्क वाचविण्यास आपल्यापाशी पुरेसा अवधी असतो.